काकांचा उजवा डोळा

जगातली एकूण एक वस्तू वाकडी असून ती सरळ करण्यासाठीच देवाने आपल्याला लखनौला पाठवलंय, अशी आमच्या शेजारच्या काकांची ठाम समजूत होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझी बँकेतून लखनौच्या आलमबागला बदली झाली, तेव्हा ते रेल्वेतून इंजिनिअर म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. उभा जन्म रुळांच्या देखभालीत गेलेला. रूळ सरळ आहे का हे पाहायला खाली वाकायचं, डावा डोळा मिटायचा आणि उजव्याने लांबवर बघायचं, ही त्यांची पद्धत. रूळ सुटले, सवय सुटली नाही. चादरीची घडी, दाराची चौकट, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळ्यांकडे असंच बघणं. माझ्या मेव्हण्यासाठी काकांना घेऊन मुलगी पाहायला गेलो, तर भर बैठकीत यांनी डावा डोळा मिटला! मुलीचे वडील ताडकन उठले. "अहो, मी मागची खिडकी बघत होतो," असं काकांनी समजावलं, आणि वर ती खिडकी वाकडी असल्याचंही सांगितलं. मग कसलं लग्न अन् कसलं काय!

पण पुढच्या वर्षी हद्द झाली. काकांनी आपल्या अंगणाची भिंत बांधायला काढली आणि ती दोनदा पाडायला लावली. म्हातारा गवंडी लखनवी अदबीने ओळंबा सोडून दाखवी, "हुज़ूर, दीवार बिल्कुल सीधी है." काका ओरडत, "तुम्हारी डोरी टेढ़ी है!" ओळंब्याची दोरी वाकडी म्हणणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. तिसऱ्यांदा पाडायची वेळ आली तेव्हा बिचाऱ्याने हात जोडले. "हुज़ूर, अब दीवार नहीं, आँख दिखवाइए." मी पुढे होऊन काकांचा उजवा डोळा तळहाताने झाकला आणि म्हटलं, आता डाव्याने बघा. काकांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग गवंड्याला "रहने दो" म्हणत आत गेले.

डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्याच्या पडद्यावर पातळ पापुद्रा चढलाय, त्याच्या सुरकुत्यांमुळे सरळ रेघ वाकडी दिसते. ऑपरेशन करून तो काढता येईल, पण जितका उशीर तितका फायदा कमी. "सोचकर बताते हैं," काका म्हणाले. सोचण्यात अख्खा हिवाळा गेला. मग होळी होऊ दे. मग उन्हाळा फार आहे. मग दशहरी आंबे संपू देत, जसं काही आंबे डोळ्यानेच खायचे असतात! शेवटी माझं डोकं फिरलं. "काका, सरळ सांगा ना, घाबरलात म्हणून!"

ते मला हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेले. भिंतीवर काकूंचा फोटो होता. मी लखनौला येण्याआधीच त्या गेल्या होत्या.

"स्टुडिओत पाऊण तास हिची मान सरळ करत होतो मी," काका म्हणाले. "हनुवटी खाली घे, खांदा वर घे. वैतागली शेवटी. ओठ बघा कसे घट्ट मिटलेत." मग त्यांनी डावा डोळा मिटला आणि आवाज एकदम खाली आला. "असं बघितलं की ओठाचा हा कोपरा जरा वर जातो. हसते ती." डोळा उघडून म्हणाले, "तिचं हसणं मला आठवतच नाही हो, बँकवाले. हसली असेलच की कधीतरी. माझंच लक्ष नव्हतं."

मीही डावा डोळा मिटून बघितलं. काकू होत्या तशाच रागावलेल्या.

"दिसतंय," मी म्हटलं.

"उगाच खोटं बोलू नका. तुमचे डोळे चांगले आहेत."

मी ऑपरेशनचा विषय पुन्हा काढला नाही. त्यांनीही काढला नाही. दोन वर्षांनी माझी बदली झाली, निरोप घ्यायला गेलो, तर म्हणाले, पापुद्रा दाट झालाय, उजव्या डोळ्याने आता समोरची भिंतसुद्धा धड दिसत नाही. मला फार अपराधी वाटलं. जबरदस्तीने नेलं असतं तर डोळा वाचला असता. विचारू की नको करत मी विचारलंच, "आणि काकू?"

"अंधूक दिसते," काका म्हणाले. "पण हसते अजून."