कुणाचाच नसलेला रंग

सिद्राम गेल्याचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. सकाळीच दवाखान्यात जाऊन त्याला भेटून आलो होतो. फोनवर त्याचा मुलगा महेश होता. "काका, पप्पा गेले," एवढंच बोलला. मी "येतो" म्हणालो, ताटातलं संपवलं, हात धुतले आणि निघालो. पुढं दिवसभर धावपळ असणार, हे माहीत होतं. त्यांच्याकडं माणसाला जाळत नाहीत, मातीत बसवून पुरतात. रंगाच्या दुकानात गल्ल्यावर बसून आयुष्यभर कंटाळलेला माणूस शेवटी तिथंही बसलाच, असं माझ्या मनात आलं. कुणाला बोललो नाही.

त्या सकाळी त्यानं मला एकच प्रश्न विचारला होता. "कुणी आलं का बे?" शेजारच्या खाटेवरच्या माणसाला वाटलं, हा भेटायला येणाऱ्यांची चौकशी करतोय. पण सिद्राम माळावरच्या वाटेबद्दल विचारत होता. आम्ही दोघांनी आखलेल्या वाटेनं कुणी अनोळखी माणूस चालत आलं का, असं त्याचं म्हणणं. मी "नाही" म्हणालो. आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून "हो" म्हणायचं, हे मला जमत नाही, आणि त्यालाही ते आवडलं नसतं. त्यानं मान हलवली आणि डोळे मिटून पडून राहिला.

आमची ओळख कॉलेजातली. माझे वडील कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात खलाशी, म्हणजे हरकामे मजूर होते. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला, आणि याचा मला आजही अभिमान आहे. सिद्राम दुसऱ्या वर्षाला असताना त्याचे वडील आजारी पडले आणि त्याला दुकानात बसावं लागलं. त्याचं त्यानं कधी दुःख केलं नाही. गिऱ्हाइकाला माझी ओळख करून देताना म्हणायचा, "हा आमचा ग्रॅज्युएट. माझ्या वाटची डिग्री पन यानंच उचलली." मग माझं नावच ते पडलं. मी सरकारी नोकरीत लागलो, बढत्या मिळाल्या, निवृत्त झालो, तरी भर बाजारात मागून हाक यायची, "ओ ग्रॅज्युएट!"

निवृत्तीनंतर चालण्याचं खूळ त्यानंच काढलं. त्याच्या पुतण्यानं सह्याद्रीतल्या कुठल्याशा ट्रेकचे फोटो दाखवले होते, हिरवेगार डोंगर, धबधबे वगैरे. सिद्राम म्हणाला, "आपल्याकडं काय कमी हाय का बे? डोंगर नसंल, माळ तर हाय की." मी म्हणालो, माळावर बघायचं काय? बोरी, बाभळी, तरवड आणि पायमोज्यात घुसणारी कुसळं. तो म्हणाला, "तेच बघायचं." करमाळ्याहून निघायचं आणि डांबरी रस्ता टाळत, जुन्या गाडीवाटांनी, ओढ्यांच्या कडेनं थेट अक्कलकोटपर्यंत जायचं, असा बेत. सलग नव्हे. हिवाळ्यात दोन-तीन दिवस चालायचं, एसटीनं परत यायचं, पुढच्या खेपेला तिथूनच सुरू करायचं. बरोबर कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि पाणी. दमून मी एखाद्या हिवराखाली बसलो की तो घरच्या कानडीत "नडी, नडी" करायचा, म्हणजे चल, चल. मी उठेपर्यंत पुढं गेलेला असायचा.

पहिल्यांदा आम्ही आमच्यापुरतं चाललो. मग त्याच्या डोक्यात आलं की वाटेवर खुणा करायच्या, म्हणजे दुसऱ्या कुणालाही चालता येईल. "ओळखीचं नको," तो म्हणायचा, "ओळखीचं मानूस आपलं मन राखायला चालंल. आपल्याला ठाऊक नसलेलं एक तरी मानूस करमाळ्यापास्नं शेवटापर्यंत आलं पायजे. मग झालं." रंग दुकानातलाच होता. पण व्यापारी माणूस, खपणारा रंग कशाला वापरेल? कुणीतरी परत केलेले शेंदरी रंगाचे डबे पडून होते, ते घेतले. वाटेवरच्या सुट्या दगडांवर शेंदरी बाण काढत गेलो.

पुढच्या हिवाळ्यात त्याच वाटेनं गेलो, तर एका टप्प्यावर एकही खूण दिसेना. हिंडून हिंडून शेवटी एका लिंबाखाली आमचे सगळे दगड सापडले. ओळीनं मांडलेले, वर तेल घातलेलं, पुढं फोडलेले नारळ. सिद्रामनं एक दगड उचलायला हात घातला, तोच शेळ्या राखणारी एक म्हातारी ओरडत आली.

"आरं ए, देवाला हात लावतुयास व्हय?"

मी तिला समजावून सांगायला गेलो. "आजी, हा देव नाही. ही खूण आहे. आम्हीच रंगवलेत हे दगड."

तिनं माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुमीच आनलं व्हय देवाला? लई बरं केलं बाबा. औंदा माज्या शेळ्यास्नी कायसुदिक झालं न्हाय." आणि आमच्या हातावर खोबरं ठेवलं. मी आणखी बोलणार होतो. सिद्राम म्हणाला, "ग्रॅज्युएट, गप खोबरं खा." त्यानं दगडांपुढं हात जोडले. मी जोडले नाहीत. परतताना त्याला विचारलं, तू स्वतःच्या दुकानातल्या रंगाच्या पाया पडलास? तो म्हणाला, "आता माजा कुटं राहिला तो?"

मग चुना घेतला, आणि सुट्या दगडांऐवजी जमिनीत रुतलेले खडक धरले. वैरागच्या पुढं एका शेतकऱ्यानं आम्हाला बांधावरच अडवलं. "सायेब, रस्ता कुटनं जानार हाय? आमची विहीर त्यात जाती का?" हायवेच्या मोजणीचे पांढरे दगड त्यानं पाहिलेले. किती सांगितलं, तरी त्याला आम्ही मोजणीचेच वाटलो. आम्हाला चहा पाजला, आणि आम्ही नजरेआड झाल्यावर सगळे खडक घासून पुसून काढले. पिवळा घ्यावा तर खंडोबाचा, भंडारा उधळतील. हिरवा, निळा, भगवा, प्रत्येक रंगाला कुणी ना कुणी मालक निघत होता. दुकानाच्या मागच्या बाजूला बसून आम्ही दोघं याचाच विचार करायचो. माझं मत स्पष्ट होतं, हा नाद सोड. सिद्रामनं ते ऐकलं नाही. उरलेसुरले डबे एकात एक ओतून, काठीनं ढवळून त्यानं एक रंग केला. धड जांभळा नाही, धड तपकिरी नाही. साधारण जून वांग्यासारखा. "ह्यो कुनाचाच न्हाय," म्हणाला. लावून बघितला. पुढच्या खेपेला खुणा जागेवर होत्या. ना नारळ, ना खरवडल्याच्या रेघा. मी त्याच्याकडं बघितलं, तर तो खडकाजवळ उकिडवा बसून हसत होता.

त्यानंतरचे हिवाळे करमाळ्यापासून पुन्हा त्या एका रंगात खुणा करण्यात गेले. अक्कलकोट थोडंच राहिलं असताना, एका ओढ्याच्या अलीकडं डबा संपला. सिद्रामला तेव्हाच धाप लागत होती. "बाकीचं दिवाळीनंतर," म्हणाला. दिवाळीनंतर तो दवाखान्यात होता...

तो गेल्यानंतर काही आठवड्यांनी महेशचा फोन आला. "काका, दुकानाच्या नंबरवर एक बाई सारखा फोन करतीये. माळावर हाय म्हनती. ओढ्यापाशी खुना संपल्या, म्होरं कुटं जायचं, विचारती. मला तर कायच कळंना." करमाळ्याच्या पहिल्या खडकावर सिद्रामनं दुकानाचा नंबर रंगवला होता, हे मी विसरलो होतो. बाईंचा नंबर घेतला. त्या कुर्डुवाडीच्या, शाळेत शिकवणाऱ्या. करमाळ्याला नातेवाइकांकडं गेल्या असताना खडकावरचा बाण दिसला, कुठं जातो बघू म्हणून सुट्ट्यांत थोडं थोडं करत आलेल्या. आमच्यासारखंच. मी त्यांना फोनवर वाट सांगितली. ओढा ओलांडा, पलीकडं घाणेरीची दाट जाळी आहे, तिला उजवीकडं टाकून चढ धरा, वर आल्यावर एकटी बाभळ दिसेल... बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी उभा राहून हातानं दिशा दाखवतोय. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "पोचले सर. खुणा तुम्ही केल्यात का?"

"मित्रानं केल्यात."

"त्यांना सांगा, वाट फार छान आहे. एकदाही चुकले नाही. शेवटी तेवढा रंग संपला."

सांगतो, म्हणालो. तो गेलाय हे तेव्हा बोललो नाही. त्यांच्या चालण्यात ते कशाला आणायचं?

गेल्या रविवारी महेशला घेऊन त्या ओढ्यावर गेलो. राहिलेला टप्पा रंगवायचा होता. सिद्रामनं रंग नजरेनं केलेला, प्रमाण कुठं लिहिलेलं नाही, आणि असतं तरी ते उरलेसुरले डबे आता आणायचे कुठून? महेशनं दुकानातल्या रंग मिसळायच्या मशीनवर बराच खटाटोप करून त्यातल्या त्यात जवळचा रंग आणला होता. ओढ्याच्या अलीकडच्याच एका खडकावर लावला आणि आम्ही दोघंही मागं सरकून बघत राहिलो. हा जरा लालसर होता. मागचा, सिद्रामचा बाण वांग्याचा, हा पुढचा बिटाचा म्हणा. सिद्रामच्या बाणात, रंग संपत आला तेव्हा ब्रश कोरडा घासल्याच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या.

"लई फरक दिसतोय काका," महेश म्हणाला. "डबा मोठा हाय. पप्पांच्या खुनांवरनं पन ह्योच हात मारून घेऊ या का? करमाळ्यापास्नं सगळं एकसारखं होईल."

"नको," मी म्हणालो. "कुठपर्यंत त्यानं केलं आणि कुठून आपण, ते दिसू दे."

महेश खाली बसला, त्या कोरड्या रेघांवरून बोट फिरवून बघितलं. बोटाला रंग लागला नाही. मग डबा उचलून तो ओढ्यात उतरला, आणि मी त्याच्या मागून.