अंगणाच्या कडेला

"ए, तू टपावर."

मोटारीत जागा रिकाम्या होत्या. माझ्या हातात तिकीट होतं, अंगात नवा बुशकोट होता आणि डोक्यात हवा. घाटमाथ्यावर रस्त्याच्या कामाला खडी फोडून मी घरी चाललो होतो. बुशकोट घातलेल्या माणसाची जात कोण विचारतंय, अशी माझी अक्कल.

पुढच्या बाकावर आमच्याच गावच्या खोतांचा मुलगा बसला होता. सरकारनं खोती काढून घेतली होती. खोत शिल्लक होते. हा साताऱ्याकडं मुलगी बघून परत येत होता, म्हणून मनगटाला घड्याळ. त्यानं मान वळवली आणि कंडक्टरला म्हणाला, "हा आमच्या गावचा महार हाय. ह्याला आत बसवलास तर आम्ही उतरतो."

कंडक्टरनं माझ्याकडं न बघताच हुकूम सोडला.

मी काय केलं? शिडी चढलो. त्याआधी बुशकोट काढला, घडी केली, काखेत धरला. अपमानापेक्षा मला इस्त्रीची काळजी. असा मी बंडखोर!

आंबेनळी घाटात एका वळणावर ब्रेक लागेना. गाडी कठडा तोडून खाली गेली. मी टपावरून उडालो तो थेट कारवीच्या रानात. शुद्धीवर आलो तर खाली गाडी उलटी, चाकं अजून फिरत होती. ड्रायव्हर जागीच गेला. एक म्हातारी गेली. तिच्या टोपलीतली कोंबडी मात्र जिवंत, ओरडत होती. आतले कुणी मेले, कुणी मोडले. विटाळ टपावर बसला होता, तो खरचटण्यावर सुटला.

खोतांचा मुलगा बाकाखाली अडकला होता. पाय मोडलेला. मला बघून म्हणाला, "मला सोडू नको रे."

मी त्याला ओढून काढला, पाठीवर घेतला आणि रस्त्यापर्यंत चढलो. त्यानं माझा गळा असा आवळला होता की मला वाटलं, हा वाचेल आणि मी जाईन. वर लाकडाचा ट्रक थांबला होता. जखमींना त्यातून महाडला न्यायचं ठरलं. ट्रकात निजवला तसं त्यानं घड्याळ सोडून माझ्या हातात दिलं.

"घरी सांग, मी हाय. अण्णांना हे दाखव, म्हणजे त्यांना पटेल."

आता आमची एक रीत सांगायला हवी. कुणी मेलं की सांगावा घेऊन महारानं जायचं. अंगणाच्या कडेला उभं राहायचं. बोलायचीही गरज नाही. तो तिथं दिसला की घरातल्या बायका रडायला लागायच्या. माझ्या बापानं जन्मभर हेच केलं. त्याच वर्षी मार्चात, सत्याग्रहाच्या आठवणीला चवदार तळ्यावर सभा भरते तिथं, सगळ्यांबरोबर मी हात वर केला होता, की मौतीचा सांगावा नेणार नाही. हात इतका जोरात वर केला की शेजारच्याची टोपी पडली.

पण हा सांगावा तर जित्याचा! यात काय हरकत? मी कापडे गावाच्या बाजूला, आमच्या घरच्या वाटेनं धावत सुटलो. घड्याळ सारखं कानाला लावत होतो. टिकटिक चालू होती.

खोतांच्या अंगणाशी पोचलो तेव्हा दम लागून तोंडातून शब्द फुटेना. उभा राहिलो. कुठं? कडेला. गाडी पडली तेव्हा एक वहाण घाटातच गेली होती. उरलेली एक पायातून काढून कधी हातात घेतली, माझं मलाच कळलं नाही. बुशकोटही कारवीत राहिलेला. कमरेला बांधलेला पंचा, उघड्या अंगावर रक्त.

खोतीणबाई तुळशीशी होत्या. त्यांनी मला बघितलं आणि हंबरडा फोडला.

"माझा बाळ गेला गो!"

शेजारणी धावल्या. मी ओरडतोय, "जिता हाय! जिता हाय!" त्या रडारडीत कोण ऐकतंय? एक शेजारीण दुसरीला म्हणाली, "बघ गो, त्यो पण रडतोय."

शेवटी अण्णा खोत ओसरीवर आले. त्यांनी एकदाचं ऐकलं. रडणं थांबलं आणि शिव्या सुरू झाल्या.

"मग मढं पडल्यासारखा उभा काय राहिलास रे, भिकारड्या? तोंड नाय तुला?"

आतून सुपात भात आला. सांगावा आणणाऱ्याला कडेला ओततात तो भात.

"पंचा पसर," अण्णा म्हणाले. "आणि ते घड्याळ तिथंच खाली ठेव."

मी वाकलो. खरंच वाकलो. आणि मानेत कळ आली. त्यांच्या लेकाच्या बोटांचे वळ होते तिथं.

सांगावा मी टाकला होता. ते उभं राहणं टाकलं नव्हतं.

मी सरळ झालो. ती एक वहाण पायात घातली. एक पाय वहाणेत, एक अनवाणी, असा लंगडत सारवलेलं अंगण तुडवत ओसरीच्या पायरीशी गेलो. हात पुढं केला.

"हातात घ्या."

"खाली ठेव! बाटवतोस?"

"तुमचा लेक माझ्या पाठीवर बसून वर आला. त्यालापण घाटात खालीच ठेवायचा होता काय?"

अण्णांची काठी उचलली गेली. मी हात मागं घेतला नाही. खोतीणबाई पुढं आल्या. अण्णा ओरडले, "गो, खबरदार!" बाईंनी माझ्या हातातून घड्याळ घेतलं. बोटाला बोट लागलं.

आणि लगेच त्यांनीच त्याच्यावर गोमूत्र ओतलं. जरा जास्तच. घड्याळ बंद पडलं. पुढं लेक काठी टेकत घरी आला, तेव्हा त्याला सांगितलं, अपघातात बंद पडलं. तो काही बोलला नाही. त्या पावसात खोतांनी आमच्या महारवाड्यातल्या कुणालाही भातलावणीला बोलावलं नाही, तेव्हाही बोलला नाही.

आता मी सांगावा नेत नाही, मेल्याचा नाही आणि जित्याचाही नाही. कुणाकडं काम असलं तर दोन्ही पायांत वहाणा घालून थेट दारात जातो. कडी वाजवतो. मला बघून ज्याला रडायचं असेल त्यानं आधी दार उघडावं. मग रडावं.