उमापूरच्या शिवेवर दबून राहिलेलं पेडल

भुताखेतांची भीती घालून गरिबाला नागवणाऱ्यांविरुद्ध मी स्वतः पत्रक लिहिलं आहे, भर बाजारात वाटलं आहे आणि त्यापायी शिव्याही खाल्ल्या आहेत. तेव्हा असल्याच अनुभवांच्या या सदरात माझा मजकूर पाहून ओळखीचे लोक हसतील... हसोत. जे झालं ते लिहितो. मीठमसाला लावायची मला सवय नाही.

मी बीडचा. वाचकांपैकी बरेच जण ब्रिटिश मुलखातले, म्हणून आमच्या मोगलाईतली, म्हणजे निजामाच्या राज्यातली, वेठ काय चीज आहे ते आधी सांगतो. साहेब दौऱ्यावर निघाला की त्याचं सामान, तंबू, कोंबड्या, सगळं गावानं फुकट वाहायचं. साहेबाची मोटार चढावर अडली तर तीही गावानंच ढकलायची, आपल्या शिवेपर्यंत. शिवेवर पुढच्या गावची माणसं येतात. त्यांनी ओझ्याला हात लावायचा, आधीच्या माणसाचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, "सोड, पाळी आली." हे शब्द कानावर येईपर्यंत त्यानं हात काढायचा नाही. काढला तर पाठीवर कोरडे! आणि याला वहिवाट म्हणतात. या वहिवाटीविरुद्ध गावोगाव बोलणं हेच माझं काम.

आमचे मामा वकील. त्यांनी सरकारी लिलावात एक जुनी मोटार घेतली, चार दिवसांत तिला कंटाळले आणि प्रचाराला म्हणून माझ्या गळ्यात मारली. मोटार पूर्वी दौऱ्यावरच्या एका अधिकाऱ्याची होती. त्यात काही वावगं आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. झालं असं, की मोटारीचा आवाज आला की गाव ओस. मी वेठीविरुद्ध भाषण करायला येतोय आणि लोक वेठीला धरतील म्हणून ज्वारीत दडून बसलेत! रिकाम्या पारापुढे मी किती वेळा बोललो असेन. सुरुवातीला दोघे सोबती होते. एक तुरुंगात गेला, दुसऱ्यानं औरंगाबादेला कारकुनी धरली. मग एकट्यानं जायचं, एकट्यानं बोलायचं, बांधून आणलेली भाकरी एकट्यानं खायची आणि परत फिरायचं.

त्यात हा क्लच. उमापूरहून गेवराईकडे येताना शिवेपाशी एक चढ लागतो. तिथं आलं की क्लचचं पेडल आपोआप खाली जायचं आणि पायाखालच्या फळीला टेकून राहायचं. इंजिन ओरडतंय, गाडी जागची हलत नाही. पहिल्यांदा वाटलं, उन्हानं क्लचचं चामडं वाळलं असेल. बीडला करीम मिस्त्रींनी त्या चामड्याला एरंडेल पाजलं. पुन्हा तेच. स्प्रिंग बदलली, पुढं चामडंही नवीन बसवलं. पुन्हा तेच, आणि त्याच चढावर. दर वेळी कुणा गाडीवानाच्या हातापाया पडून बैलांनी चढ ओढून घ्यायचा. शीव ओलांडली की पेडल निमूट वर! करीम मिस्त्री म्हणाले, "पंडितजी, तुमारे भाषणां सुन सुनको थक गई बिचारी." मी हसलो नाही.

उमापुरात माझ्याशी बोलणारं एकच माणूस होतं, सोनाबाई. तिचा नवरा वेठीला गेला तो परतलाच नव्हता. साहेबाची मोटार शिवेपर्यंत ढकलली, पण पलीकडच्या गावचं कुणी आलं नाही. बाकीचे पळाले. याला मोटार धरून तिथंच उभं केलं, आणि पुढचं कुणी सांगत नव्हतं. गावानं ठरवून टाकलं, पळून गेला, कुठंतरी दुसरी केली असेल. पाणवठ्यावर बाया तिला ऐकू जाईल असं 'टाकलेली' म्हणायच्या. तिला एवढंच हवं होतं, माणूस कुठं आहे ते कुणीतरी सांगावं.

अशात वेठीच्या तक्रारी ऐकायला एक अधिकारी गेवराईला आला. दुपारपर्यंतच थांबणार होता. साऱ्या तालुक्यातून तोंड उघडायला तयार झाली ती ही एकटी बाई. मी सकाळीच मोटार घेऊन तिच्या दारात गेलो.

"तुमी कावून मोटार घेऊन येता, दादा? आवाज आला की लोकं पळत्यात," ती म्हणाली. मग मोटारीभोवती फिरली, मागच्या बाजूला थांबली आणि पत्र्यावर हात ठेवला. "हीच हाय ती."

खरं सांगतो, मला शरमेनं काही सुचेना. तीच म्हणाली, चला, उशीर व्हतोय.

वाटेत मी तिची तयारी करून घेत होतो. साहेब नवऱ्याचं नाव विचारेल, ते तिनंच सांगायला हवं. ती म्हणाली, नाव घेत न्हाईत आमी, तुमीच सांगा. मी म्हटलं, तक्रार तुमची आहे, मी सांगून चालत नाही.

चढ आला आणि पेडल खाली गेलं.

मी इंजिन बंद केलं, गिअर होता तसाच राहू दिला आणि गाडीखाली शिरलो. स्प्रिंग शाबूत, दांडा शाबूत, कुठं काही अडकलेलं नाही. दोन्ही हातांनी पेडल वर ओढलं. तसूभर आलं आणि परत गेलं. इंजिन बंद होतं, तरी ते लोखंड थरथरत होतं... ओझं पेलताना माणसाची पोटरी थरथरते ना, तसं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी ब्रेक लावलेलाच नाही. चाकाखाली दगडही नाही. क्लच दबलेला, म्हणजे चाकं मोकळी. असल्या चढावर गाडी मागं घरंगळायला हवी होती. ती उभी होती.

मोटार ढकलताना क्लच दाबून धरावा लागतो. हे मला ठाऊक होतं. त्यापुढचा विचार मी करत नव्हतो.

सोनाबाई खाली उतरून गाडीच्या मागं गेली होती. मी ओरडलो, बाजूला व्हा, गाडी अंगावर येईल. तिनं ऐकलं नाही.

"पल्याडचं गाव माझं माहेर हाय," ती म्हणाली. माझ्याशी बोलत नव्हती. तिनं पत्र्याला हात लावला, पदर पुढं ओढला. मग अगदी हळू म्हणाली, "किसना, सोड. पाळी आली."

गाडी वीतभर मागं सरकली. त्याच क्षणी पेडल खाड्कन वर आलं, क्लच धरला आणि हिसका बसून गाडी थांबली.

मी ब्रेक लावला, चाकामागं दगड ठेवले. ती रस्त्याच्या कडेला बसली होती. रडत नव्हती. मी म्हटलं, सोनाबाई, चला, साहेब जाईल.

"मला इचारायचं व्हतं ते कळलं, दादा."

मी समजावलं. मग रागावलो. म्हटलं, पेडल वर आलं ही साक्ष होत नाही, तिथं तुमचा शब्द लागतो, तुमच्यासारख्या शंभर जणींसाठी लागतो. ती म्हणाली, "त्या शंभर जणींचं लई बरं व्हवो. मला घरी जाऊन त्येंचं दिवस करायचंत." आणि उमापूरच्या वाटेला लागली. ती दिसेनाशी होईपर्यंत मी तिथंच उभा होतो.

गेवराईला वेळेवर पोचलो. पेडल लोण्यासारखं चालत होतं. अधिकाऱ्यानं विचारलं, तक्रारदार कुठे? मी बोलायला लागलो तर म्हणाला, तुम्हाला वेठीला धरलं होतं काय? तक्रार नाही, सबब वेठही नाही, असा निकाल लागला. अजूनही माणसं वेठीला धरली जातात.

करीम मिस्त्रींनी क्लच पुन्हा सगळा उकलून पाहिला. दोष नाही. आजवर पेडल एकदाही दबलेलं नाही. सोनाबाईला मोटार ओळखीची, म्हणून हा तिच्या मनाचा खेळ असं म्हणावं, तर पेडल दबत होतं ते मी एकटा असताना. माझ्या मनाचा म्हणावं, तर पेडल पहिल्यांदा दबलं तेव्हा मला त्या माणसाबद्दल काहीच माहीत नव्हतं. मला कारण सापडलेलं नाही. कुणाला सापडलं तर लिहावं, पण आधी तो चढ पाहून यावा.

मध्यंतरी एकदा उमापूरला गेलो होतो. सभेला कुणी आलं नाही. निघताना सोनाबाई वाटेत भेटली. कपाळ मोकळं होतं. आता तिला कुणी टाकलेली म्हणत नाही. मोटारीत मागं कुणी आहे का ते तिनं वाकून पाहिलं.

"रोज एकलेच हिंडता, दादा," ती म्हणाली. "तुमची पाळी घ्याया कोण हाय का न्हाई?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली आणि गाडी सुरू केली. क्लच सोडला. पेडल नीट वर आलं.