निरुपमाकाकूंची कुलूपबंद गॅलरी

विसर्जनाच्या दिवशी निरुपमाकाकूंनी पाहुण्यांना घराबाहेर हाकललं, अशी बातमी सुरभी सोसायटीत पिकली होती. साफ खोटं. काकूंनी त्यांना गॅलरीत पाऊल टाकू दिलं नाही, एवढाच काय तो गुन्हा.

काकू सोसायटीच्या सेक्रेटरी. नागरवाड्याजवळची ही इमारत म्हातारी झालेली. रस्त्याकडच्या दर्शनी भिंतीचं प्लास्टर पोपडे धरून सुटायला लागलेलं. परवाच गॅलरीच्या काठाचा ढलपा खालच्या भाजीच्या हातलारीवर पडला आणि दुधीचे दोन तुकडे झाले. तेव्हापासून काकूंना एकच ध्यास: दुधीच्या जागी कुणाचं डोकं यायच्या आत दुरुस्ती सुरू व्हायला हवी. पण मागच्या बाजूचे सभासद संमतीची सही देईनात. त्यांचे पुढारी रमाकांतभाऊ. डोळे मिटून, सुपारी या गालातून त्या गालात सरकवत ते म्हणत, "पुढची भिंत पुढच्यांची. आपणे शुं लेवादेवा?"

विसर्जनाला मात्र हीच मंडळी चटया, नातवंडं आणि चिवड्याचे डबे घेऊन पुढच्या गॅलऱ्यांत हजर! इमारतीइतकीच जुनी रीत.

यंदाही आली. काकूंनी आत बसवलं, सेवउसळ वाढली. गॅलरीच्या दाराला कुलूप. बाकीच्या गॅलऱ्यांनाही त्यांनी कुलपं लावून घेतली होती. गच्चीचा कठडा तर आधीच दोरी बांधून बंद. ढोल जवळ येऊ लागले. सगळे बंद दाराकडे तोंड करून बसले होते, जणू आतून डॉक्टर येऊन मुलगा की मुलगी ते सांगणार.

"अहो निरुपमाबेन, उघडा ने दार!" रमाकांतभाऊ कळवळले.

"पुढची गॅलरी पुढच्यांची हो, भाऊ. तुमचा काय संबंध? पाव घ्या अजून."

"आख्खी मिरवणूक निघून जाईल!"

"उसळ तिखट नाही ना झाली?"

ढोल अगदी खाली येऊन थांबले. मांडणीतली भांडी थरथरली. भाऊंच्या पत्नी मोहनावहिनींनी नवऱ्याला कोपराने ढोसलं. भाऊंनी सुपारी गिळली.

"आणा तो कागद."

त्यांनी सही ठोकली. त्यांच्यामागून बाकीच्यांनीही, उसळीच्या बोटांनीच.

"झाली सही. आता उघडा!"

काकू चकित. "अहो, सही केलीत म्हणून सिमेंट लागलं का? त्या गॅलरीत मी तुळससुद्धा ठेवत नाही, तुम्हाला ठेवू? समोरच्या दुकानाच्या ओट्यावर खुर्च्या मांडून ठेवल्यात सकाळीच. पळा!"

मंडळी चपला उलटसुलट घालून पळाली.

सकाळी मदतीला येऊन उसळीचा कांदा चिरताना प्रस्तुत लेखिकेने काकूंशी पैज मारली होती, की सही पडली की तुम्ही विरघळणार आणि दार उघडणार. हरेल त्याने भांडी घासायची. काकू मान वर न करता म्हणाल्या होत्या, "लागली!" तेव्हा यंदाची मिरवणूक प्रस्तुत लेखिकेने मोरीतून ऐकली, तळाला लागलेलं उसळीचं पातेलं खरवडत.