पंखा हळूहळू वाढवताना

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्हाला आजोबांची कॉट हॉलमध्ये दिसली. तुम्ही कारण विचारलंत, तर मी म्हटलं, इथे उजेड चांगला येतो. तुमची आई शेजारी बसली होती आणि ती लगेच विमानाचं तिकीट काढते. म्हणून खरं कारण आता लिहून कळवते.

कमरेचं हाड मोडल्यापासून आजोबा दिवसभर खोलीतल्या पंख्याखाली आडवे असतात. उकाड्यात पंखा कायम पूर्ण वेगात असायचा. वीज गेली की थांबता थांबता तो मध्येच थरथरायचा आणि पुन्हा शांत व्हायचा. माझी सगळी नोकरी कंपनांच्या चाचण्या घेण्यात गेली, त्यामुळे ते थरथरणं डोक्यातून जाईना. त्यात दिवाळी झाली आणि आजोबा म्हणाले, "आता पंखा जरा कमी ठेवत जा."

मी हडपसरहून इलेक्ट्रिशियन बोलावला. आधी कॉट दाराशी सरकवून घेतली. त्याने रेग्युलेटर एका झटक्यात शेवटपर्यंत फिरवला. "काकू, मस्त चालतोय की."

"घाईने फिरवलात म्हणून."

प्रत्येक वस्तू सेकंदाला ठरावीक वेळाच हलू पाहते. ती तिची वारंवारिता. बाहेरचे धक्केही सेकंदाला तेवढेच बसू लागले की हलणं वाढत जातं, पण वाढायला वेळ लागतो. पंख्याचा प्रत्येक फेरा असाच एक धक्का देतो. म्हणून प्रयोगशाळेत आम्ही वारंवारिता सावकाश चढवत न्यायचो. किती सावकाश, तो स्वीप रेट. घाई केली तर कमकुवत वस्तूही पास होते.

आता मी स्वतः रेग्युलेटर अगदी थोडा फिरवत होते, थांबत होते.

"बसून घ्या हो," आजोबा इलेक्ट्रिशियनला म्हणाले. "आमच्याकडे पंख्यालाही तोंडी परीक्षा असते."

मला हसू आलं नाही. रेग्युलेटरवरच्या दोन आणि तीनच्या मध्ये पंख्याचा दांडा हलू लागला. हात मागे घ्यावासा वाटत होता, तरी बटण तिथेच धरून ठेवलं. थरथर वाढत गेली आणि गिलाव्याचा तुकडा आधी कॉट होती त्या मोकळ्या जागेत पडला. मी पंखा बंद केला.

तो शिडीवर चढला. "काकू, छतातला हूक गंजून निम्माच राहिलाय."

आजोबांना हवा असलेला कमी वेग नेमका तोच, थरथर वाढवणारा होता.

हूक कापून काढला आहे; नवा बसेपर्यंत कॉट हॉलमध्ये. पंखा धड आहे, आजोबाही.