पाहुण्याचा बडग्या

भिलाईत पाहण्यासारखं काही नाही, यावर त्या काळी आम्हा सगळ्यांचं एकमत होतं. चहूकडे उकरलेली लाल माती, पत्र्याची गोदामं, अर्धवट उभ्या राहिलेल्या चिमण्या आणि जेवणाच्या डब्यातही शिरणारी धूळ. हे असलं गाव डोळे भरून, चवीनं, मिटक्या मारत पाहिलेला एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि त्या माणसाशी मी खोटं बोललो. साधंसुधं खोटं असतं तर विसरलोही असतो. पण त्यानं ते इतक्या आनंदानं घेतलं की पुढं कित्येक वर्षं मला ते परत मागता आलं नाही.

तो रशियन होता. कारखाना उभारायला त्यांच्या देशातून जी मंडळी आली होती त्यांत हा बहुधा सर्वांत तरुण. क्रेन उभ्या करणं हे त्याचं काम. मी भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, चार बुकं शिकून स्टोअरमध्ये कारकून म्हणून लागलेला. त्याला लागणारे दोर आणि बोल्ट काढून देता देता आमची ओळख झाली. मला रशियन येत नव्हती, त्याला मराठी येत नव्हती. त्यानं सुपेल्याच्या बाजारात उभं राहून जी हिंदी गोळा केली होती तिच्यात अर्धी छत्तीसगढी आणि अर्ध्या शिव्या होत्या. त्या शिव्या आहेत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कुठल्याही साहेबासमोर तो त्या मोठ्या आदरानं वापरी.

दर रविवारी सकाळी तो सायकल घेऊन माझ्या क्वार्टरसमोर उभा राही. सायकल आपल्याकडची, उंची त्याच्याकडची. पायडल मारताना त्याचे गुडघे हँडलच्या वर येत आणि समोरून पाहणाऱ्याला वाटे की दोन बोकड झुंजत येत आहेत. "आज क्या देखेगा?" हा त्याचा ठरलेला प्रश्न. मी मनात काही ठरवून ठेवलेलं असे. एकदा त्याला देवबलौद्याचं महादेवाचं देऊळ दाखवायला नेलं. जुनं दगडी काम, कोरलेल्या मूर्ती, मी वाटेत सगळी माहिती जुळवत गेलो. त्यानं देवळाला एक प्रदक्षिणा घातली, छान आहे म्हणाला, आणि बाहेर शिंगाडे उकडून विकणाऱ्या बाईसमोर जाऊन बसला. तासभर उठला नाही. ती चूल कशी फुंकते, शिंगाडा कुठल्या बाजूनं सोलते, गिऱ्हाइकाशी भांडताना हात कसा कमरेवर ठेवते, सगळं पाहिलं. मी चिडून म्हणालो, "अरे, देऊळ केवढं जुनं आहे, ते बघ." तो म्हणाला, "पत्थर कल भी रहेगा. ये औरत शाम को घर जाएगा."

सुपेल्यात कडुलिंबाखाली एक न्हावी बसे. त्याची हजामत पाहणं हे आमच्या मित्राचं एक आवडतं प्रेक्षणीय स्थळ होतं. एकदा तो स्वतःच विटेवर बसला. न्हाव्यानं दाढी केली, मानेला कडकन झटका दिला, कानातलं कोरलं. उठल्यावर हा हिरमुसला. म्हणाला, आपण आत असलो की काही दिसतच नाही. मग त्यानं मला बसवलं आणि समोर उकिडवा बसून पुन्हा पहिल्यापासून सगळं पाहिलं. माझी दाढी त्याच सकाळी घरी झालेली होती. न्हाव्यानं तीच पुन्हा केली.

लग्नाच्या वरातीचा आवाज आला की त्याच्या सायकलला ब्रेक राहत नसे. कुणाचं लग्न, कुठल्या जातीचं, वर कोण, असल्या फालतू चौकशा तो करत नसे. वराकडच्यांना वाटे हा वधूकडच्यांचा कुणी मोठा पाहुणा, वधूकडच्यांना वाटे वराकडचा. पंगतीत तो आधी जेवे आणि मग भाताचं घमेलं उचलून वाढायला लागे. आग्रह असा करी की आपल्याकडच्या काकूही लाजाव्यात. त्या वर्षांत दुर्ग-भिलाईकडे ज्यांची लग्नं झाली त्यांनी आपले फोटो काढून पाहावेत. नवरा-नवरीच्या मागं एक लालबुंद माणूस हसत उभा असेल.

कुम्हारीच्या बाजारात त्यानं मडकं घेतलं. ते सायकलला बांधू या म्हणालो तर ऐकेना. बायका डोक्यावरून नेतात, मग आपणही नेऊ. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मडकं, आणि हायवेवरून हा चालत निघाला. मागून मी दोन सायकली ढकलत. रायपूरची बस हळू झाली आणि तिच्या प्रत्येक खिडकीतून एकेक डोकं बाहेर आलं. तो सगळ्यांना हात करत होता. हात सोडल्यामुळं मडकं पडलं हे वेगळं सांगायला नको. तो खापऱ्यांकडं पाहून पोट धरून हसला. मी मात्र खाली मान घालून चालत राहिलो.

कारण खरं सांगायचं तर मला त्याची लाज वाटत असे. त्याहून खरं म्हणजे, तो जे पाही त्याची लाज वाटत असे. आम्ही गाव सोडून आलो होतो ते मातीची भिंत, शेणाचा वास आणि डोक्यावरची घागर मागं टाकून. मला त्याला दाखवायचे होते रस्त्यावरचे विजेचे दिवे, नळाचं पाणी, माझ्या क्वार्टरची सिमेंटची फरशी. त्यानं त्या फरशीकडं कधी नजर टाकली नाही. तो थेट स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसे आणि माझी बायको उलट्या मडक्यावर लांब पोळी कशी टाकते ते पाही. सैल कणीक हातावर झुलवत झुलवत ती कोपरापर्यंत लांबवी, तेव्हा तो श्वास रोखी. एकदा त्यानंही हात धुऊन कणीक मागून घेतली. पोळी त्याच्या गुडघ्यावर पडली.

"भाऊजी, क्रेननं उचलाले ते लोखंड नोहे," बायको हसत म्हणाली. "तुमच्या हाताले जमून नाही राह्यलं. बसा तिकडं, पाह्यत राहा."

तिला त्याची लाज वाटली नाही. तिला तो दिरासारखा झाला होता. लाज वाटली ती मला.

आणि ती लाज वाढवायला शेजारी देवाजी होता. तोही आमच्याच भागातला, कारखान्यात रिगर, म्हणजे अवजड लोखंड दोरांनी बांधून वर चढवणारा, तोंडानं तिखट. सोमवारी सकाळी नळावर तो माझी वाटच पाहत असे.

"काय हो बाबू, काल मालकानं कुठं फिरवलं तुमाले?"

"मालक कायचा? दोस्त हाय."

"दोस्त समोर चालते अन् तुमी मांगून दोन सायकली ढकलता. शेपूट म्हन्ते त्याले आमच्याकडं."

नळावरच्या बाया पदरात हसत. मीही हसल्यासारखं करी. पण कामावर जाताना तो शब्द सोबत येई.

मग पोळा आला. आमच्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत निघते. गवताची, कागदाची बाई करायची, रोगराई, इडापिडा सगळी तिच्या डोक्यावर घालायची आणि वस्तीबाहेर नेऊन जाळायची. तिच्याबरोबर बडग्या असतो. बडग्या म्हणजे वर्षभरात जो कुणी किंवा जे काही डोक्यात गेलं असेल त्याचं सोंग. गावाकडं सावकाराचा करत, महागाईचा करत. भिलाईतही आम्ही वैदर्भीय मंडळींनी ही पद्धत सुरू ठेवली होती. पोळ्याच्या संध्याकाळी क्वार्टरामागच्या मोकळ्या जागेत गवत, जुनी पोती, बांबू घेऊन सगळे बसलो. यंदा बडग्या कुणाचा, यावर खल चालला होता. कुणी म्हणालं मच्छराचा, कुणी म्हणालं रेशनच्या रांगेचा.

देवाजी म्हणाला, "कावून डोकं लावता? या बाबूच्या रशियनचा करा. ताल झालाय निरा, नुसता तमाशा."

सगळे माझ्याकडं पाहायला लागले. नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. नुसता हसून गप्प बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी उठलो, घरात गेलो आणि खुंटीवरची त्याची गवती हॅट आणून देवाजीच्या हातात दिली. ती त्यानं भर उन्हाळ्यात, माझं डोकं तापलेलं पाहून, स्वतःच्या डोक्यावरून काढून माझ्या डोक्यावर ठेवली होती. त्या संध्याकाळी मला कुणी शेपूट म्हटलं नाही. देवाजीनं मला स्वतःच्या डबीतला तंबाखू दिला.

सकाळी माझ्या रशियन मित्राची ड्यूटी होती म्हणून मी निर्धास्त होतो. पण मिरवणूक निघणार हे त्याच्या कानावर गेलं होतं, आणि मिरवणुकीसाठी त्यानं ड्यूटी बदलून घेतली होती. आम्ही ओरडत निघालो होतो, "खोकला-पडसं घेऊन जाय गे मारबत, येडा पाव्हणा घेऊन जाय गे मारबत," आणि कोपऱ्यावर दोन गुडघे दिसले.

तो उतरला. बडग्याजवळ आला. पोत्याचं अंग, गेरू फासलेलं लाल तोंड, पुढं आलेले बांबूचे गुडघे, डोक्यावर हॅट. ओरडणं आपोआप थांबलं. देवाजीसुद्धा जमिनीकडं पाहू लागला. पाहुण्यानं हॅटच्या काठाला हात लावला आणि मला विचारलं, "ये मैं?"

मी म्हणालो, "हो. आपला जीव ज्याच्यावर असतो ना, त्याचा पुतळा करतात आमच्याकडं."

"और चिल्लाता क्या है?"

"तुझा प्रवास सुखाचा होवो म्हणतात."

त्याचे डोळे भरून आले. त्यानं देवाजीच्या खांद्यावरून बडग्या उतरवला, स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि ढोलक्याला खूण केली. मग तो जो नाचला! आधी पोरं नाचली, मग सगळेच नाचले. वस्तीबाहेर बडग्या पेटवताना तो जरा बावरला, तेव्हा मी आणखी एक खोटं जोडलं, की यानं तुझी दुखणी जळतात. त्यानं ताठ उभं राहून स्वतःच्या पुतळ्याला सलाम केला.

घरी आलो तेव्हा बायकोनं दारातच विचारलं, "त्याच्या संग जेवाले कसे बसान तुमी आता?"

बसलो. प्रत्येक रविवारी बसलो. तो भेटेल त्याला सांगे, या गावानं माझा पुतळा केला. पुढल्या वर्षी तो मायदेशी गेला. गाडी सुटताना सांगायचं असं घोकून गेलो होतो. फलाटावर त्यानं मला उचलून मिठी मारली आणि घोकलेलं सगळं तिथंच राहिलं.

दहाएक वर्षांनी, कारखान्याचं वाढीव काम निघालं तेव्हा तो परत आला. केस गेलेले, पोट सुटलेलं. पहिल्याच रविवारी दारात उभा. बायकोनं लांब पोळ्या केल्या. माझी मुलं त्याच्याभोवती कोंडाळं करून बसली. जेवताना तो रंगात आला. म्हणाला, आमचे म्हातारे चीफ पुढच्या महिन्यात घरी चाललेत, फार मायाळू माणूस. आता पोळा येतोच आहे. तर तुम्ही लोकांनी त्यांचा बडग्या करायचा. साहेबांची टोपी मी आणून देतो.

बायकोनं वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडं पाहिलं. मुलं भिलाईतच वाढलेली, पण बडग्या म्हणजे काय ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. धाकट्याला हसू फुटलं, तेव्हा तिनं त्यांना उठवून बाहेर नेलं.

मग मी सांगितलं. सगळं, हॅटसकट. बडग्या कुणाचा करतात, का करतात, कशासाठी जाळतात. माझी हिंदी त्याच्याइतकीच मोडकी झाली होती. तो ऐकत राहिला. ताटातल्या पोळीची घडी घालत, उलगडत राहिला. या माणसाला काही न पाहता बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

पोळी ताटात ठेवून म्हणाला, "नाचनेवाला लोग भी झूठ?"

"नाही," मी म्हणालो. "तू खांद्यावर घेतलास तेव्हा आपण काय उचलून आणलंय हे सगळे विसरून गेले. ते तुझ्यासोबतच नाचले. देवाजी आजही तुझी आठवण काढतो. खोटा फक्त मी होतो."

त्यानं मान हलवली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "मेरा माँ पूरा गाँव को बताया है. अभी भी बताता है."

त्याच्या देशात, मी कधी न पाहिलेल्या एका गावात, एक म्हातारी आपल्या मुलाचा परदेशात कसा मान झाला ते शेजारणींना सांगत होती, आणि तो मान मी रचलेला होता. मी ताटावरून उठलो, हात धुतले, त्याच्यासमोर खाली बसलो. हिंदीत म्हणायचं होतं. पण तोंडातून आली ती आमच्या घरची भाषा.

"तू मले दोस्त समजला, अन् मले लोकाइची लाज वाटली. लय मोठी चूक झाली माह्या हातून, भाऊ. मले माफ कर."