गोळी द्यायला केलेला उशीर

हे मी आजवर कुणाला सांगितलं न्हाई. नवऱ्याला न्हाई, पाठच्या बहिणीला न्हाई. तुमी माझे कोण? कोणीच न्हाई — म्हणून तर तोंड उघडतंय. लई थकले मी हे पोटात ठेवून.

लिंबागणेशला आमचं घर. सासूला कॅन्सर झालता, मणक्यात उतरलता. डॉक्टर म्हणले, घरी न्या. दिवाळी झाली अन् गाव ऊसतोडीला निघालं. ऊस तोडायला नवराबायकोची जोडी लागती — पण म्हातारीला कोण बघणार? नवरा भावासोबत गेला, मी मागं राहिले.

बीडहून एक सिस्टर घरी यायच्या. मॉर्फिनच्या गोळ्या कशा द्यायच्या ते त्यांनीच शिकवलं. वेळ चुकवायची न्हाई. दुखायची वाट बघायची न्हाई, दुखायच्या आधीच द्यायची. मी दहावी पास हाय, मला समजलं न्हाई असं कसं म्हणू?

मेल्या माणसाचं वाईट बोलू नये. तरी सांगते — लग्न होऊन आल्यापास्नं सासूनं माझं नाव घेतलं न्हाई. 'ए तलवाड्याची!' बस. माझ्या माहेरच्या गावावरून, तेबी ढोराला हाकलावं तसं. पोरगी झाली तवा बाळंतिणीच्या खोलीत तिनं पाय ठेवला न्हाई.

एक दिवस दुपारी धुणं घेऊन गेलते, यायला उशीर झाला. आत आले तर म्हातारी बाजेची दोरी धरून कण्हत होती. मला बघून म्हणाली, "दे गं माय माझे, दे."

माय! मला! गोळी दिली, पाणी पाजलं. थोड्या वेळानं तिचा चेहरा सैल पडला, डोळा लागला. मी मात्र तिथंच बसून राहिले, तो एक शब्द घोळवत.

दुसऱ्या दिवशी धुणं न्हवतं. कुठं जायचं न्हवतं. वेळ झालती, गोळी हातात होती, अन् मी चुलीपुढं बसून राहिले. मुद्दाम. कावून? ऐकायचं होतं. दुसरं काय?

मग दुपारचं रोजच झालं. गावातल्या बाया म्हणायच्या, "सून असावी तर अशी!" मी मान खाली घालायचे.

तुमाला वाटंल, घटकाभराचाच तर उशीर. मीबी सोताला हेच सांगायचे. पण हाडातल्या दुखण्याला घटका केवढी असती? तिचे दात करकर वाजायचे. ते मला चुलीपाशी ऐकू यायचं.

एकदा सिस्टरनी माझ्यासमोरच तिला विचारलं, "आजी, गोळ्या वेळेवर मिळतात ना?"

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. लई वेळ बघितलं. मग म्हणाली, "मिळत्यात बाई. लई करती माझी सून."

माया आली व्हय तिला माझी? छे! भ्याली ती. खरं सांगितलं असतं तरी सिस्टर निघून जाणार होत्या, अन् गोळ्या माझ्याच हातात राहणार होत्या. हे तिला कळलं. तिला कळलंय, हे मलाबी कळलं.

आता तरी मी सुधारले असंन — असं वाटतंय ना तुमाला?

दुसऱ्या दिवशी दुपारी वेळ झाली. म्हातारीनं हाक मारली न्हाई, नुसती दाराकडं बघत पडली होती. मी गोळी मुठीत घेऊन उंबऱ्यात उभी राहिले — ती 'माय' म्हणेपर्यंत.